आधी धुराडे, मग शेगडी

कोल्हापूर,
१४ सप्टेंबर

प्रिय सदाशिव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा घराचा कच्चा नकाशा, दोन्ही पोहोचले. आजऱ्याच्या शेतात ट्रेलरच्या चासीवर सोळा बाय आठ फुटांचे लाकडी घर उभे राहते आहे आणि त्यात तू लाकडावर चालणारी छोटी शेगडी बसवणार आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तिकडचा पाऊस मला ठाऊक आहे. चार महिने अंथरूण-पांघरूण दमट, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, आणि पुढे मार्गशीर्ष-पौषातली पहाटेची थंडी, या दोन्हींवर शेगडीसारखा उपाय नाही. गॅसचा हीटर घ्यावा का, असे वहिनींनी विचारल्याचे तू लिहिले आहेस. त्यांना सांग की एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते आणि धुराडे नसलेल्या हीटरमधून ते सगळे खोलीतच राहते. लाकडातूनही पाणी निघते, परंतु ते धुराड्यातून बाहेर जाते आणि खोली खरोखर कोरडी होते.

तुझे सगळे प्रश्न शेगडीबद्दल आहेत: प्लेट किती जाडीची, बीड (ओतीव लोखंड) घ्यावे की पोलाद, दाराला काच असावी की नसावी, उद्यमनगरात काम कोणाला द्यावे. त्यांची उत्तरे मी देतोच, पण तू आधी धुराड्याचा विचार कर. एवढ्याशा घरात शेगडी नीट चालणार की घरभर धूर करणार, हे बहुतांशी धुराडेच ठरवते, आणि आग लागण्याचा सर्वांत मोठा धोकाही ते छतातून जिथे बाहेर पडते तिथेच असतो. पैसे कमी पडले तर शेगडी साधी घे, पण धुराड्यात काटकसर करू नकोस.

धुराड्याचे काम केवळ धूर बाहेर सोडण्याचे नाही. जळणाला लागणारी हवाही तेच शेगडीत ओढून घेते. बाहेरच्या एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.२ किलो असते, तर २०० अंश सेल्सिअसच्या धुराचे पाऊण किलोच्या आसपास. हा हलका धूर वर चढतो आणि त्याच्या मागे शेगडीत ओढ निर्माण होते. बारा फूट उंचीच्या गरम पाइपात ही ओढ सुमारे १५ पास्कल (पास्कल हे दाब मोजण्याचे एकक) भरते आणि लहान शेगडीला साधारण १२ पास्कल तरी लागते, म्हणजे वातावरणाच्या एकूण दाबाच्या दहा हजाराव्या भागाहून किंचित जास्त. शेगडीचा सारा कारभार एवढ्या नाजूक ओढीवर चालतो, हे ध्यानात ठेवलेस की पुढचे सगळे नियम तुला आपोआप पटतील. तुझ्या नकाशात ओट्याच्या वर एक्झॉस्ट फॅन दाखवला आहे. घराच्या खिडक्या बंद असताना तो सुरू केलास, तर त्याची ओढ धुराड्याच्या ओढीपेक्षा कितीतरी जास्त ठरेल आणि धूर उलटा खोलीत येईल. शेगडी पेटलेली असताना पंखा लावायचा नाही, आणि लावलाच तर त्याच्याजवळची खिडकी आधी उघडायची, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेव.

याच कारणासाठी जळणाची हवा खोलीतून न घेता बाहेरून घे. एक किलो लाकूड नीट जळायला व्यवहारात आठ-दहा घनमीटर हवा लागते आणि तुझ्या अख्ख्या घरात हवा आहे जेमतेम तीस घनमीटर. घर चाकांवर असल्यामुळे खालून हवा घेणे तुला सोपे आहे. शेगडीच्या बुडाखालून तीन इंची नळी घराच्या तळातून आरपार काढ आणि खालच्या तोंडाला उंदीर शिरणार नाहीत अशी बारीक जाळी लाव.

आता पाइपाकडे येतो. तुझ्या मापाच्या शेगडीला चार इंच व्यासाचा पाइप पुरतो. शेगडीपासून छतापर्यंतचा भाग एकेरी पत्र्याचा असू दे, कारण बरीचशी ऊब तोच खोलीला देतो. छताच्या जरा खालपासून वर टोपीपर्यंत मात्र पाइप दुहेरीच हवा: आत चार इंची, ३०४ प्रतीचे स्टेनलेस, बाहेर सहा इंची, आणि मधल्या एक इंचात सिरॅमिक ऊल (धग अडवणारे लोकरीसारखे तंतू) ठासून भरलेली. छताबाहेरचा पाइप एकेरीच राहिला तर धूर वर जाता जाता थंड होतो, ओढ मंदावते, आणि धूर साधारण १२० अंशांच्या खाली उतरला की त्यातला डांबरासारखा चिकट अंश पाइपाच्या आतल्या बाजूला बसू लागतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. तो साचून पेटला तर पाइपातले तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते. लाकडी घरात ही वेळ येऊच द्यायची नाही. पाइपाचे तुकडे एकमेकांत बसवताना वरच्या तुकड्याचे निमुळते तोंड खालच्या तुकड्याच्या आत गेले पाहिजे. पुष्कळ कारागीर धूर वर जातो म्हणून ते उलटे बसवतात. मग ओघळणारे क्रिओसोट सांध्यांतून बाहेर येते आणि घरभर उग्र वास सुटतो. आडवा पाइप टाळ. वळण द्यावेच लागले तर काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे घे. दुकानदार स्वस्तातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप पुढे करील, तो घेऊ नकोस. त्यावरचे जस्त ४१९ अंशांना वितळते आणि फार तापल्यास त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. आपल्याकडे साखर कारखान्यांची आणि दूध डेअऱ्यांची स्टेनलेसची कामे करणारे फॅब्रिकेटर आहेत, त्यांना आर्गन वेल्डिंगची सवय असते. हे काम अशाच कोणाकडे दे. दारे-खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्याचे ते नव्हे.

छतातली वाट मी जरा विस्ताराने सांगतो. दुहेरी पाइपाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून सर्व बाजूंनी दोन इंचांपर्यंत लाकूड, प्लाय किंवा थर्माकोल यांपैकी काहीही नको. म्हणजे सहा इंची पाइपासाठी दहा इंचांची चौकट हवी. ती वाशांच्या मध्ये आडवे तुकडे ठोकून कर, आतून पत्र्याने मढव आणि पाइप तिच्या बरोबर मध्यात धरणारी पत्र्याची चकती खालून लाव. ही दोन इंचांची जागा मोकळीच राहिली पाहिजे. छतात ग्लासवूल भरणारा माणूस ती रिकामी दिसते म्हणून हमखास भरून टाकतो. तिथे हवा खेळली नाही तर उष्णता कोंडते. लाकूड एरवी अडीचशे-तीनशे अंशांना पेटते, पण महिनोन्‌महिने शंभर-सव्वाशे अंशांची धग सोसत राहिले तर आतल्या आत करपत जाते आणि मग त्याहून कमी उष्णतेलाही पेट घेऊ शकते. लहान घरांतल्या आगी पुष्कळदा पहिल्या वर्षी लागत नाहीत त्या यामुळेच. छताच्या वर पत्र्यावर सिलिकॉनचे फ्लॅशिंग (पाइपाभोवती पाणी अडवणारी झालर) बसव, त्यावर पाइपाला घट्ट बसणारी पत्र्याची कॉलर घाल, आणि तिच्या सांध्यात उष्णता सोसणारे लाल सिलिकॉन भर. तिकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, तेव्हा टोपी रुंद असू दे.

धुराड्याची उंची छताबाहेर निदान तीन फूट हवी, आणि दहा फुटांच्या परिघात जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट अधिक. तुझ्या नकाशात घराला लागून फणसाचे झाड दाखवले आहे. झाडावरून उतरणारा वारा धुराड्यात शिरून धूर खाली दाबतो, आणि फणसाइतके उंच धुराडे तर बांधता येणार नाही. तुझे घर चाकांवर आहे. ते पंधरा-वीस फूट पुढे ओढून घे. पुढे घर रस्त्याने न्यावे लागले तर छतावरचा पाइप काढून भोकावर झाकण बसेल, अशी सोय आताच करून घे.

शेगडी छोटीच घे, तुला वाटते त्याहूनही छोटी. तुझ्या घराला दोन किलोवॅट पुष्कळ झाले. एक किलो सुक्या लाकडात सुमारे चार युनिट उष्णता असते आणि बऱ्या शेगडीतून त्यातली अडीच-पावणेतीन युनिटे खोलीला मिळतात. म्हणजे तासाला किलोभर जळणात काम भागते. मोठी शेगडी आणलीस तर उकाड्याने जीव नकोसा होईल, मग तू हवेची झडप दाबून ठेवशील, लाकूड नुसते धुमसत राहील, आणि क्रिओसोट नेमके तेव्हाच सर्वांत जास्त बसते. लाकडातून निघणारे वायू साधारण ६०० अंशांना नीट जळतात, त्यामुळे लहान आग खणखणीत पेटलेली असणे केव्हाही बरे. आत बाजूंना भट्टीच्या विटा आणि वर धूर अडवणारी तिरकी प्लेट हवीच. ज्वाळा तिला वळसा घालून जातात आणि वायू जळायला अवधी मिळतो.

बिडाबद्दल तू विचारलेस. मी जन्मभर फाउंड्रीत काढला आहे, बीड माझ्या जिव्हाळ्याचे आहे, तरीही सांगतो की चाकांवरच्या घरात शेगडीचे अंग पाच मिलिमीटरच्या प्लेटचे, वेल्डिंग केलेले असावे. बिडाची शेगडी तुकडे बोल्टने आवळून आणि सांध्यांत सिमेंट भरून जोडतात. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सांधे सुटतात. शिवाय तापलेल्या बिडावर पाणी सांडले तर ते तडकते. दार आणि आतली, लाकडे ठेवायची जाळी मात्र बिडाचीच कर, कारण धगीने पातळ प्लेट पीळ खाते आणि दार लागेनासे होते. दाराच्या खाचेत काचतंतूंचा दोर बसव. काच हवी असेल तर सिरॅमिकच घे. साधी टफन्ड काच इतकी उष्णता सोसत नाही. विटांसकट वजन चाळीस-पंचेचाळीस किलो होईल, म्हणून पाय जमिनीला बोल्टने आवळ.

भिंतीपासूनचे अंतर हा तुझ्या नकाशातला खरा अडचणीचा भाग आहे. प्रमाणित नसलेल्या शेगडीपासून लाकडी भिंत ३६ इंच दूर असावी असा अमेरिकेतला नियम आहे, आणि आठ फूट रुंदीच्या घरात एवढी जागा कुठून आणणार? त्यावर तोडगा असा की भिंतीपासून एक इंच सुटा असा पत्रा उभा करायचा, तो खाली आणि वर मोकळा ठेवायचा, म्हणजे मागून थंड हवा वाहत राहते आणि १२ इंचांवर भागते. पत्रा धरणारे तुकडे लोखंडी नळीचे घे आणि ते शेगडीच्या बरोबर मागे येऊ देऊ नकोस. खाली शहाबादी फरशी घालण्याचा तुझा विचार चांगला आहे, पण फरशी निखारा अडवते, धग अडवत नाही; तिच्याखाली सिमेंट फायबर बोर्ड घाल, शेगडीचे पाय सहा इंचांचे ठेव आणि दारासमोर फरशी दीड फूट पुढे येऊ दे.

तुमची झोपायची जागा पोटमाळ्यावर आहे, त्यामुळे पुढचे वाक्य वहिनींनाही वाचून दाखव. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने धरून ठेवते. दर हिवाळ्यात उत्तरेकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. या वायूचा अलार्म बाजारात मिळतो. एक माळ्यावर उशाशी आणि एक खाली लाव, आणि त्यांच्या बॅटऱ्या वेळच्या वेळी बदल. रात्रभर ऊब राहावी म्हणून झडप बंद करून झोपू नका. माळ्यावरची खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी कर आणि दाराजवळ पावडरचे अग्निशामक ठेव. राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवायची.

जळण मार्च-एप्रिलमध्येच भरून ठेव. ओल्या लाकडाच्या निम्म्यापर्यंत वजन पाण्याचेच असू शकते, आणि ते पाणी उकळण्यातच आगीची शक्ती जाते. बाभूळ उत्तम, सुरूही चांगला, निलगिरी नीट वाळली तर चालते. आठ-नऊ इंचांच्या ढलप्या करून, वर छप्पर आणि बाजू उघड्या अशा जागी रचून ठेव. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणत्कार होतो, ओल्या भद्द वाजतात. घर बांधताना उरलेले प्लायचे आणि सनमायकाचे तुकडे शेगडीत घालू नकोस. त्यांतल्या चिकटद्रव्यांचा धूर विषारी असतो.

पहिली पेटवण घराबाहेर, अंगणात कर. शेगडीचा नवा रंग भाजताना बराच धूर आणि वास सुटतो. छोट्या-छोट्या दोन-तीन आगी करून तो जाऊ दे, मग शेगडी आत ने. हंगामात महिन्याला एकदा पाइप ब्रशने झाड.

छताला भोक पाडण्याआधी दोन वाशांमधले नेमके अंतर आणि छताचा उतार मोजून मला कळव. वासा कापावा लागेल असे दिसले तर शेगडीची जागा सरकवू, वासा कापायचा नाही. दसऱ्यानंतर मी दोन दिवस येतो. तोवर पाइप येथे करवून घेतो आणि येताना गाडीत घालून आणतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विश्वास

ता. क. आजऱ्यात काजूची टरफले पोत्याने स्वस्त मिळतात आणि ती भडभडून जळतात, म्हणून कोणीतरी तुला ती सुचवणारच. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो आणि पाइप झपाट्याने माखतो. शेगडीत ती अजिबात घालू नकोस.