समुद्र नाही, मग बंदर कसं?

लाउएनबुर्ग, जुलै

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तिथे समुद्र नाही, मग बंदर कसं?" तेव्हा गडबडीत नीट सांगता आलं नाही. आज सुटी आहे, एल्बे नदीच्या काठावर बसून लिहितोय.

जर्मनीतलं हे गाव हॅम्बुर्गच्या वरच्या अंगाला, नदीच्या उजव्या तीरावर आहे. समुद्राची भरती खाली गेस्टहाख्टच्या बंधाऱ्याशीच अडते, इथे निव्वळ नदी. बंदर झालं ते मिठामुळे! दक्षिणेला ल्युनेबुर्गला जमिनीतून खारं पाणी निघायचं, ते आटवून मीठ करत. बाल्टिक समुद्राकडच्या ल्युबेकला ते मासे खारवायला हवं असे. मध्ये जमिनीचा उंचवटा. तरी १३९८ साली लोकांनी इथून त्यावरून ल्युबेककडे श्टेक्नित्स कालवा नेलाच. चढावर होड्या दोरांनी ओढायच्या. माथा ओलांडला की साठवलेलं पाणी सोडायचं आणि त्या लोंढ्याबरोबर खाली उतरायचं, पुढच्या फाटकाशी पुन्हा पाणी साठेपर्यंत थांबायचं. केवढा धीर लागत असेल! त्या वाटेवरचं १७२४ सालचं दगडी जलद्वार अजून इथे आहे. ते बघताना तुझी फार आठवण झाली. १९०० साली नवा कालवा झाला, त्यातून आजही मालाची जहाजं जातात.

गावाचे दोन भाग आहेत. उंच कड्यावर नवं गाव, खाली पाण्यालगत जुनं. मध्ये अरुंद बोळ आणि दगडी पायऱ्या. खालची घरं लाकडी चौकटीत विटा भरून बांधलेली, नावाड्यांची आणि व्यापाऱ्यांची. पलीकडच्या तीरावर सपाट कुरणं आणि पूर रोखणारा लांबच लांब मातीचा बांध. पूर्वेला थोड्याच अंतरावर १९९० पर्यंत दुसऱ्या, म्हणजे पूर्व जर्मनीची हद्द होती.

जून २०१३ मध्ये एल्बेला मोठा पूर आला, तेव्हा खालचं गाव रिकामं करावं लागलं. लोक परत आले, भिंती वाळवल्या, पुन्हा तिथेच राहिले. २०१९ ला सांगलीच्या पुरात आपण काय केलं होतं, तुला आठवत असेल. आजीने देव्हारा माळ्यावर नेऊन ठेवला होता, आणि पाणी ओसरल्यावर पहिला दिवा तिनेच लावला. मला हे लोक परके वाटत नाहीत.

आजीला माझा नमस्कार सांग. तिकडे पाऊस लागला असेल. आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे, ते रोज संध्याकाळी मला कळवत जा.

तुझा,
बाबा