रक्ताची हगवण म्हणजे जंत नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम भागात कोंबडीच्या पिल्लांना रक्ताची हगवण लागते. मग मोबाईलवर झाडपाल्याचे उपाय फिरू लागतात. वावडिंग, पळसाच्या बिया, लसूण, कडुनिंब, सगळे एकाच आजाराचे औषध म्हणून. यात पिल्ले हकनाक मरतात, म्हणून हे पत्र.

वावडिंग आणि पळसाचे बी ही जंतांवरची जुनी औषधे, त्यांचा मान मी राखतो. पण रक्ती हगवण जंतांमुळे होत नाही. ती कॉक्सिडिया नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय परजीवीमुळे होते. तो आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतो, अस्तर फाटते आणि रक्त पडते. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले पंख पाडून, पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होऊ शकते. तेवढ्या वेळात काढा उकळत बसणे परवडत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाण्यातून ॲम्प्रोलियम लगेच सुरू करावे, आणि त्या दिवसांत ताकद यावी म्हणून बी-जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये, कारण बी-१ मुळे हे औषध निष्प्रभ होते.

वनस्पतींचा उपयोगच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या चिनी वनस्पतीतून हिवतापाचे औषध निघाले आणि ज्या शोधाला २०१५ चे नोबेल मिळाले, तिचे कोंबड्यांवर प्रयोग झाले आहेत. हिवतापाचा परजीवी आणि कॉक्सिडिया, दोघे एकाच गटातले. काही प्रयोगांत आतड्याची इजा कमी झालेली दिसली, पण रासायनिक औषधाइतकी खात्री मिळालेली नाही. जोतिबाला वाहतो तो दवणा तिच्याच कुळातला असला तरी वनस्पती वेगळी आहे. तो पिल्लांना घालून कोणी भरवशावर राहू नये. ओव्यातला थायमॉल, लसूण, हळद ही निरोगी पक्ष्यांच्या खाद्यात जोड म्हणून ठीक.

खरा उपाय खुराड्यातच आहे. विष्ठेतून पडलेली या परजीवीची बीजे उबदार ओलीत एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकाने मरत नाहीत. आपल्याकडे भाताच्या तुसाची कमतरता नाही. ओले तूस त्याच दिवशी काढावे, पाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवावे, पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत.

गावठी आणि गिरिराज कोंबड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो; वहीपेन, औषधपाणी त्यातून भागते. म्हणून पशुसंगोपन खात्याला विनंती, की पावसाळ्याआधी या आजाराची पत्रके कन्नडबरोबर मराठीतही गावोगाव वाटावीत आणि तालुक्याच्या दवाखान्यात कोंबडीची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून द्यावी. जंत की कॉक्सिडिया, हे त्यात लगेच कळते. आपणही शेतीच्या पानावर याला जागा द्यावी.

आपला,
एक कोंबडीपालक, ता. खानापूर, जि. बेळगाव