रिपोर्ट नॉर्मल, पण त्रास संपलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी पत्नी प्राथमिक शिक्षिका आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोविडमुळे नऊ दिवस रुग्णालयात राहून ती घरी आली. पण तेव्हापासून चार पोळ्या लाटल्या की तिला बसावे लागते, म्हणून ओट्याशेजारी आम्ही स्टूल कायमचे ठेवले आहे. हजेरी घेताना रोजच्या मुलांची नावे आठवत नाहीत, हे सांगताना तिचे डोळे भरून येतात. रक्ततपासणी, एक्स-रे, टूडी इको सगळे नॉर्मल आल्यावर एका डॉक्टरांनी ‘मनाला लावून घेऊ नका, रोज तासभर चाला’ असा सल्ला दिला. ती आठवडाभर नेटाने चालली आणि पुढचे पंधरा दिवस अंथरुणाला खिळली.

हे मनाचे खेळ नव्हेत. हा ‘लाँग कोविड’, म्हणजे कोविड बरा झाल्यावरही दीर्घकाळ रेंगाळणारा त्रास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्येच या आजाराची व्याख्या केली असून थकवा, धाप आणि विस्मरण ही त्याची ठळक लक्षणे सांगितली आहेत. थोड्याशा श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, ज्याचा त्रास उफाळून येतो, अशा रुग्णाला सरसकट व्यायाम वाढवायला सांगणे अपायकारक ठरू शकते. त्याला झेपेल तेवढेच काम, थकण्याआधीच घेतलेली विश्रांती आणि जाणकार फिजिओथेरपिस्टची देखरेख लागते. रुग्णालयातून घरी गेलेल्या ५८५ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या ‘रीगेन’ चाचणीत आठ आठवड्यांच्या ऑनलाइन गट-पुनर्वसनाने जीवनमान सुधारल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुधारणा माफक होती, पण ती वर्षभर टिकली, आणि चार वर्षे धापा टाकणाऱ्या माणसाला माफक सुधारणाही फार मोठी वाटते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्ये कोविडोत्तर उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, मात्र आमच्या भागात त्यांचा मागमूस नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस लाँग कोविडच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण सेवा सुरू करावी आणि ज्यांना एसटीचा प्रवास झेपत नाही त्यांना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून फिजिओथेरपिस्टचा सल्ला मिळावा, अशी शासनाला कळकळीची विनंती आहे. नोकरीचा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा आजार नसल्याने सवलत मागायला आधारच उरत नाही. पत्नीच्या मुख्याध्यापकांनी तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला, तेव्हापासून ती पूर्ण वेळ शाळेत थांबू शकते. पण उद्या त्यांची बदली झाली तर तिच्या हाती दाखवायला एकही लेखी आदेश नाही.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)