विहिरी समुद्रातून परत आणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या, तरी ताईच म्हणतो. परवा फोनवर धड आभारही मानता आले नाहीत, आवाजच फुटेना. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या विहिरींची यादी तुमच्याकडे पोहोचली, तोवर तिचे पुष्कळ हाल झाले होते. बारावीची पोरं-पोरी सुट्टीत बांधाबांधाने हिंडली, मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघून त्यांनी 300 च्या वर विहिरी एक्सेलमध्ये भरल्या. फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, तर दोन वाड्यांच्या विहिरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या थंडगार समुद्रात! काही सासवडच्या आसपास पडल्या, पण चार कोस सरकून. आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

तुमच्याआधी एक तज्ज्ञ झाले. पैसे मोजून बोलावलेले. पोरांसमोरच म्हणाले, "तुमचा डेटा म्हणजे कचरा आहे." दोन दिवसांनी नकाशा दिला, अगदी स्वच्छ. कसला स्वच्छ! महाराष्ट्राबाहेर पडलेल्या सगळ्या ओळी त्यांनी गुपचूप उडवल्या होत्या. दोन अख्ख्या वाड्यांत एकही विहीर नाही. वर म्हणे, नावं इंग्रजीत करून आणा. 'म्हसोबाच्या मळ्यातली जुनी विहीर' इंग्रजीत लिहून कुणाला सापडणार होती?

तुम्ही फाइल उघडलीत आणि हसलात, पण आम्हाला नाही हसलात. "काका, 18 आणि 74 ची जागा बदललीय, म्हणून विहिरी गारठल्यात." त्या गटाने अक्षांश-रेखांशाचे दोन रकाने उलटे भरले होते, एवढंच. सरकलेल्यांचंही तसंच. 18 अंश 17 मिनिटं 30 सेकंद हे कुणीतरी 18.1730 असं लिहिलेलं. एका अंशात मिनिटं साठ, म्हणून खरं तर ते 18.2917 व्हायला हवं. तेवढ्यात 13 किलोमीटर गेले. प्रश्नचिन्हं तर मूळ एक्सेलची फाइल यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं टिकवणाऱ्या पद्धतीत, पुन्हा साठवल्याबरोबर गेली, म्हसोबा जागेवर आला.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हुशार माणसं मिळतात.

तुम्ही परत पाठवलेल्या फाइलमध्ये पोरांचे मूळ रकाने जसेच्या तसे होते. दुरुस्त आकडे तुम्ही शेजारी नव्या रकान्यांत भरले होते. आणि 13 ओळी पिवळ्या करून प्रत्येकीपुढे लिहिलं होतं, "मी बदललेलं नाही. गावात विचारून घ्या." तेराही वेळा, न कंटाळता. त्या तज्ज्ञांच्या बोलण्याने जी पोरगी रडली होती, तिने स्क्रीनवर बोट ठेवून स्वतःची ओळ शोधली आणि म्हणाली, "काका, खोडलं नाही त्यांनी."

आमचे थोरले चुलते सोसायटीची कीर्द लिहायचे. आकडा चुकला तर त्यावर एक बारीक रेघ मारायचे आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचे. खालचा वाचता आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. एक्सेल त्यांनी कधी पाहिलं नाही, पण तुमची फाइल बघून मला त्यांचीच आठवण झाली. त्यांच्या हाताखाली तुम्ही शोभला असता.

रविवारी आम्ही त्या 13 ठिकाणी जाऊन आलो. 11 सापडल्या. एक रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. ओळ तशीच ठेवलीय, पुढे 'बुजवली' लिहिलंय. उरलेल्या एकीवरून गावात वाद पेटलाय: ती विहीर की आड? म्हाताऱ्या आड म्हणतात, सरपंच विहीर म्हणतात. मिटला की कळवतो, तोवर ती पिवळीच राहू दे.

आणि पत्ता पाठवा. मीठा बहार सुरू झाला की अंजिरांची पेटी धाडतो.

तुमचा,
विहिरीवाला काका