तिच्या तोंडचा शब्द

कुंडल, ता. पलूस, जि. सांगली

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आईनं स्पीकरवर टाकला होता, त्यामुळं सगळं कानावर आलं. तुझ्या खोलीतली रशियन मुलगी युक्रेनच्या युद्धाला ‘मोहीम’ म्हणते, म्हणून तू तिच्याशी बोलणं सोडलंस. राग समजतो. पण तो शब्द तिचा नव्हे, बाळ.

24 फेब्रुवारी 2022 ला पुतिन टीव्हीवर येऊन ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हणाले. पुढच्याच महिन्यात कायदा झाला: सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर 15 वर्षांपर्यंत तुरुंग. ‘युद्ध नको’ अशी पाटी घेऊन उभी राहिलेली माणसंही उचलली. तिचे आईबाप फोनवर काय बोलत असतील? आधी भीतीनं जीभ सांभाळायची, मग हळूहळू मनही तसंच वळतं. मोहीम म्हटलं की कुणीतरी जाणार, काम उरकून परत येणार. त्यात मयत दिसत नाही.

शब्द परक्या कानात गेला की आणखी बदलतो. 2001 च्या सप्टेंबरात बुश दहशतवादाविरुद्धच्या लढाईला ‘क्रुसेड’ म्हणाले. अमेरिकेत दारूबंदीच्या चळवळीलाही हाच शब्द चालतो. अरबांना मात्र जेरुसलेमसाठी ख्रिस्ती फौजांनी मुसलमानांशी केलेली जुनी धर्मयुद्धं आठवली. दोन दिवसांत व्हाइट हाउसला सारवासारव करावी लागली.

आपण तरी कुठं वेगळे? 1962 चं युद्ध मी वर्गात ‘चीनचं आक्रमण’ म्हणूनच शिकवलं. चिनी त्याच लढाईला ‘स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला’ म्हणतात. आपलंच खरं, असं मला आजही वाटतं. पण त्यातलं तपासून किती आणि ऐकून किती, हे मास्तर असूनही सांगता येत नाही. देवराष्ट्र्याचे यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घरोघरी झालं. हिमालयातलं युद्ध त्या एका वाक्यानं आमच्या उंबऱ्यात आणून ठेवलं.

माझ्या आज्यासमोर मात्र शब्द जपून वापरावा लागे. 1943 मध्ये शेणोलीजवळ इंग्रज सरकारची पगाराची रेल्वे तुफान सेनेनं, म्हणजे नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या लढाऊ दलानं, अडवली, ती ‘लुटली’ असं कुणी म्हणालं की म्हातारा काठी आपटायचा. ‘लुटली नव्हं, आपलाच पैका माघारी आणला!’ सरकारदरबारी तो दरोडा. ‘प्रतिसरकार’चं ‘पत्री सरकार’ झालं, तेव्हा ते गुन्हेगारांच्या तळपायांना पत्रे ठोकतात अशी आवई होती. म्हातारा ते नावही मिरवायचा, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा त्या पोरीला ‘युद्ध म्हण’ असा हट्ट धरू नकोस. 2022 च्या सप्टेंबरात तिकडं 3 लाख राखीव माणसांना बोलावणं गेलं. तिच्या घरचं कुणी त्यात आहे का, एवढं विचार. मग ती काय म्हणते ते मला कळव, मलाही ऐकायचंय.

बेदाण्याचं पार्सल काल टाकलं. यंदा माल हिरवागार उतरलाय. आईनं चकल्याही कोंबल्यात. पोचेपर्यंत भुगा होईल, हे मी सांगून पाहिलं.

तुझे,
अण्णा