बाबांच्या अँजिओग्राफीआधी

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबा ‘हो हो, कळलं’ म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, पूर्ण भूल देत नाहीत, तुम्ही जागेच असणार. मनगट बधिर करायचं इंजेक्शन चुरचुरतं, ते खोटं कशाला सांगू? मग तिथल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. कधी धमनी आखडते आणि हात कोपरापर्यंत ठणकतो. तेव्हा दात-ओठ खात पडून राहू नका, सांगा. त्यावर औषध असतं. आमची कॅथ लॅब, म्हणजे हे सगळं करतात ती खोली, तर बर्फासारखी गार असते, तिथलीही असेल. जादा चादर मागून घ्या. रंगाचं औषध सोडलं की अंगातून गरम लाट गेल्यासारखी वाटेल, ती लगेच ओसरते. ‘खोका’ म्हणाले तर जोरात खोका. 1958 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स यांच्याकडून हा रंग चुकून थेट हृदयाच्या धमनीत गेला आणि पेशंटचं हृदय थांबलं. त्यांनी ओरडून त्याला खोकायला लावलं, हृदय पुन्हा चालू झालं. आजची अँजिओग्राफी त्या चुकीतूनच आली.

आई, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घाल, वैद्यांच्या पुड्यासुद्धा. साखरेची मेटफॉर्मिन कधी थांबवायची ते डॉक्टरांनाच विचार. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बरोबर हवा. सीटी स्कॅनच्या वेळी इंजेक्शननंतर बाबांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ते न विसरता सांग.

आता खरं बोलायचंय ते वेगळंच. बाबा टेबलावर असतानाच बाहेर नातेवाइकांना बोलावतात, स्क्रीन दाखवतात आणि विचारतात, ‘ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकायचा का?’ स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी. त्या क्षणी कुणाचंच डोकं चालत नाही. सही करून मोकळे होतात. मी हे रोज बघते.

हार्ट अटॅक चालू असेल तर एक मिनिटही दवडायचं नाही. पण बाबांना चढावर छातीत भरून येतं, बसलं की थांबतं, आणि हे कित्येक महिने तसंच आहे. अशा दुखण्यात स्टेंटने त्रास कमी होऊ शकतो. आयुष्य वाढतंच असं नाही. 2020 साली छापून आलेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात पाच हजारांवर पेशंट होते. त्यातही नीट औषधं घेणाऱ्यांपेक्षा आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. डाव्या मुख्य धमनीतलं ब्लॉकेज असेल तर गोष्ट निराळी, तिथे बायपासचाही विचार होतो. म्हणून आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारू: काय सापडलं तर लगेच कराल आणि काय सापडलं तर थांबाल? संमतीपत्रावर अँजिओप्लास्टीही, म्हणजे धमनी फुग्याने उघडून स्टेंट टाकणं, लिहिलेली आहे का, ते वाचूनच सही. आणि बाबा, तुमचं मत मला आधी हवंय, छाती तुमची आहे.

स्टेंट टाकलाच तर बिलात त्याचं नाव आणि किंमत वेगळी मागायची. 2017 पासून सरकारने कमाल किंमत ठरवून दिलीय. अँजिओग्राफीची सीडी घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडायचं नाही.

नंतर मनगटावर काही तास पट्टा राहील. बोटं काळी-निळी पडली किंवा रक्त झिरपलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी भरपूर प्या. दोन-चार दिवस त्या हाताने बादली नको, स्कूटरला तर हातही लावू नका.

मी आदल्या सकाळीच पोचते. मामांना रिपोर्ट आल्यावरच कळवा, नाहीतर अख्खं गाव हॉस्पिटलात गोळा होईल.

तुमची,
माई