फिल कार्न यांस, गडाच्या दोन्ही बाजूंकडून

आदरणीय फिल कार्न (केए९क्यू) यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण हॅम मंडळींना, म्हणजे आम्हा हौशी रेडिओवाल्यांना, कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) पुरतो. म्हणून पुण्याहून हे उघडं पत्र.

समजा, एक स्टेशन खडकवासल्याला आहे आणि दुसरं सिंहगडाच्या पलीकडे, पायथ्याच्या कल्याण गावात. मध्ये अख्खा डोंगर असल्यामुळे १४४ मेगाहर्ट्झवर दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही. गडावर बसलेल्या तिसऱ्याला मात्र दोघंही खणखणीत. ‘आधी ऐका, शांत असेल तर बोला’ हा नियम दोघं इमानेइतबारे पाळतात, तरी गडावर पॅकेटं (रेडिओवरून पाठवलेले डेटाचे तुकडे) एकमेकांवर आदळतातच. १२०० बॉडला (इथे सेकंदाला १२०० बिट) २५६ बाइट पाठवायचे तर पावणेदोन सेकंद जातात. टक्कर झाली की सगळे फुकट!

तोबागी आणि क्लाइनरॉक या नेटवर्क-संशोधकांनी ही अडचण १९७५मध्येच मांडली होती. त्यांचा उपाय असा, की मधल्या स्टेशनने वेगळ्या चॅनेलवर ‘बिझी’चा सूर लावून ठेवायचा. पण आम्हा हौशी लोकांत मधलं स्टेशन कोण होणार?

तुम्ही १९९०मध्ये ‘मॅका’ ही रेडिओवर पाळी ठरवायची पद्धत मांडलीत आणि प्रश्नाची बाजूच बदललीत. टक्कर होते ती ऐकणाऱ्याकडे. मग बोलणाऱ्याने स्वतःच्या कानावर भरवसा का ठेवावा? त्याने आधी छोटीशी विचारणा करावी: एवढं पाठवायचंय, पाठवू? ऐकणाऱ्याने ‘पाठव’ म्हणावं आणि त्यातच लांबी सांगावी. ते ‘पाठव’ ज्याच्या कानी पडेल, त्याने तेवढा वेळ गप्प राहायचं. विचारणा ऐकू आली पण ‘पाठव’ आलंच नाही, तर तो खुशाल बोलायला मोकळा. त्याचा त्या ऐकणाऱ्याला त्रास नाही. वेळापत्रक लावणारा कुणी नसतानाही पाळी ठरते. विचारणांची टक्कर होतेच, पण ती स्वस्तात पडते.

तुमच्या पद्धतीत सगळं गोड आहे असं नाही. जुने सेट रिसीव्हवरून ट्रान्समिटला जायलाच इतका वेळ खातात की छोट्या पॅकेटासाठी ही विचारपूस महाग पडते. १९९७च्या वायफाय मानकाने तुमचं विचारणं-सांगणं घेतलं, पण तुम्ही टाकून दिलेलं ‘आधी ऐका’ही सोडलं नाही. घरच्या राउटरांत तर ही सोय बहुधा निजलेलीच असते. माझ्या मते ते ठीकच आहे. दोन खोल्यांत डोंगर कुठला?

मी नेटवर्किंग शिकवतो. मुलं जेव्हा हटकून ‘पण मग कंट्रोलर कुठे असतो?’ विचारतात, तेव्हा फळ्यावर गड काढतो आणि तुमचं नाव सांगतो. ही कल्पना तुम्ही हौशी रेडिओवाल्यांच्या परिषदेत, आमच्यासारख्यांसमोर ठेवलीत, याचे विशेष आभार. कधी पुण्याला आलात तर गडावर अँटेना आम्ही चढवू, पिठलं-भाकरीही आमच्याकडून.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा),
पुण्यातला एक हॅम